वनूच्या अर्जाची पोहोच

सोमवार, २ जुलै १९५६

वनू आली. एक ट्रंक, एक वळकटी आणि सुतळीने बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा. टांग्यातून उतरताना गठ्ठा स्वतः उचलला, ट्रंक टांगेवाल्याला दिली. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी. बहीण जाऊन सहा वर्षं झाली. उज्जैनला वडिलांजवळ राहून वनूने इंटर सायन्स पहिल्या वर्गात पास केलं, आता बी.एस्सी.साठी ग्वाल्हेरला माझ्याकडे राहणार. हे गेल्यापासून चार वर्षं मी स्वयंपाक एका वाटीचा करत होते. आज दोन वाट्या तांदूळ धुताना चार दाणे सांडले.

जेवताना विषय निघाला. तिला पदार्थविज्ञान हवं, गणित हवं, आणि रसायनाच्या जागी कॉमर्स हवं.

मी म्हटलं, "हे काय ग? श्रीखंडात लसणाची फोडणी?"

"मावशी, काका सोनारांचे काटे बनवायचे. सराफ्यात त्यांच्यासारखा काटा कुणाचा नव्हता, हो ना? मग कारखाना बंद का पडला?"

मी तिच्या पानात भात वाढला.

"कारण त्यांना फिजिक्स येत होतं, कॉमर्स नाही. आता तोळे-मासे जाणार, ग्रॅम येणार. हर दुकान को नया काँटा लगेगा. मला दोन्ही येतं म्हटल्यावर मी तो कारखाना पुन्हा उघडेन."

आधी राग आला. नवऱ्याविषयी असं कुणी बोललेलं मला चालत नाही. मग हसू आलं, कारण हे स्वतःही शेवटी शेवटी तसंच म्हणायचे.

बरोबर कृष्णरावांची, म्हणजे तिच्या वडिलांची चिठ्ठी आहे. 'दोन्ही विषय मिळाले तर तिने तिथे राहावे. न मिळाल्यास दिवाळीला परत पाठवावी. साधी बी.एस्सी. उज्जैनलाही होते, आणि इकडे एक बरे स्थळ चालून आले आहे.'

चिठ्ठी मी देवघरात ठेवली.

सोमवार, ९ जुलै

प्राचार्य भले गृहस्थ आहेत. वनूला म्हणाले, "ऐसा मेल पहले किसी ने माँगा नहीं, बेटी. पर माँगना गुनाह तो नहीं है." त्यांनी अर्जावर आपल्या हाताने शिफारस लिहून दिली. पण सायन्सच्या विद्यार्थ्याला कॉमर्स घ्यायचं तर शिक्षण खात्याची संमती लागते. तोवर प्रवेश तात्पुरता. ३१ ऑक्टोबरपर्यंत अर्ज खात्याकडे दाखल झाल्याचा पुरावा दाखवला नाही, तर कॉमर्सच्या हजेरीपटावरून नाव कमी.

मध्यभारताच्या दोन राजधान्या, म्हणून खातं उन्हाळ्यात इंदूरला असतं, हिवाळ्यात इथे. इथल्या कचेरीची एक खिडकी बारा महिने उघडी असते, तिथे दिलेला कागद इंदूरला जातो. वनूचं उद्या प्रॅक्टिकल आहे म्हणून अर्ज माझ्याकडे दिला. "खिडकीवर दे, आणि पोहोच घे," असं तीनदा बजावलं. मी काय शाळेतली पोर आहे?

मंगळवार, १० जुलै

गेले होते. खिडकीपुढे रांग जिन्यापर्यंत. शिक्षक, पेन्शनर, एक पैलवानासारखा माणूस भिंतीवर पिंक टाकत उभा. हे असताना मी या कचेरीत आले की शिपाई खुर्ची पुसून द्यायचा. आज कुणी मान वर करून पाहिलं नाही. अर्धा तास जिन्यात उभी राहिले. अर्ज छातीशी धरला होता तो घामाने ओला होईल असं वाटायला लागलं.

मग मानसिंगराव आठवले. कसे आठवले नाहीत आधी, याचंच नवल. कारखाना काढण्याआधी हे दरबारच्या वजनमापं खात्यात होते, तेव्हा मानसिंगराव वरचे अधिकारी. शिक्षण संचालकांना ते नावाने ओळखतात. टांगा वळवला आणि थेट त्यांच्याकडे गेले.

मानसिंगरावांनी अर्ज दोन्ही हातांनी घेतला, चष्मा लावून सगळा वाचला. म्हणाले, "इंदुताई, खिडकीत टाकलेल्या कागदाला अब्रू नसते. माझ्यावर सोपवा. योग्य वेळी योग्य हाती जाईल."

डोळ्यांत पाणी आलं. जुनी माणसं ती जुनी माणसं.

संध्याकाळी वनूने विचारलं, "दिलास?"

"दिला."

"पोहोच?"

"मिळेल ग. एवढी काय घाई?"

खोटं बोलले नाही. पण आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर बर्नडेटसमोर हे उत्तर चाललं नसतं, असं मनात येऊन गेलं.

गुरुवार, २६ जुलै

काही उत्तर नाही. इंदूर म्हणजे विलायत नव्हे.

वनू सकाळी सायन्सच्या इमारतीत आणि दुपारी कॉमर्सच्या. मध्ये मैदान ओलांडायचं. सायन्सवाले तिला 'मुनीमजी' म्हणतात आणि कॉमर्सवाले 'न्यूटन की बहू'. घरी येऊन नक्कल करून दाखवते आणि पोट धरून हसते. पण ताटातली भाजी तशीच राहते, हे माझ्या लक्षात येतं.

रविवार, ५ ऑगस्ट

आज वनूने ह्यांचा काचेच्या पेटीतला काटा कपाटावरून खाली काढला. चार वर्षांची धूळ. मी ब्रशने पारडी पुसली, तिने दोरे बदलले.

आग्र्याच्या कॉन्व्हेंटमध्ये असाच एक काटा होता. काचेच्या कपाटात. किल्ली मदर बर्नडेटच्या कमरेला. मी बारा वर्षांची असताना विचारलं होतं, हा कधी काढणार? मदर म्हणाल्या होत्या, 'हा बघण्यासाठी आहे, इंदू.' आठ वर्षं मी तो बघितला. मला गणितात वर्गात सर्वांत जास्त गुण असायचे. बक्षीस म्हणून भरतकामाची पेटी मिळाली होती, ती अजून आहे.

आज चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा अशा काट्याचं दार उघडून चिमट्याने वजन ठेवलं. काटा हलत राहिला. मी हात मांडीवर ठेवून बसले.

"काय करतेस, मावशी?"

"थांबायची वाट बघतेय."

"तो लवकर थांबत नाही. वाट बघायचीच नाही. इकडे किती झुकला, तिकडे किती झुकला ते वाचायचं आणि मधला आकडा काढायचा. थांबेल म्हणून बसलीस तर दिन निकल जाएगा."

किती हुशार पोर आहे. हिला परत पाठवायचं नाही. काहीही झालं तरी नाही.

शनिवार, ११ ऑगस्ट

बेसनाचे लाडू घेऊन मानसिंगरावांकडे गेले. अर्जाचं विचारलं नाही. एकदा शब्द टाकला की पुन्हा विचारायचं नाही, ही आमच्यातली रीत. विचारलं तर विश्वास नाही असा अर्थ होतो. त्यांनीही विषय काढला नाही. जुन्या दसऱ्याच्या गोष्टी निघाल्या. हत्ती, अंबारी, शमीपूजन, आणि नंतर तबकात घालून सादर होणारे अर्ज. सांगता सांगता त्यांचा चहा गार झाला. माझाही.

कोपऱ्यातल्या तिवईवर मखमली रुमाल घातलेलं चांदीचं तबक होतं. मी चहाचा कप त्याशेजारी ठेवायला गेले, तर त्यांच्या पत्नी विजयाबाई लगबगीने उठल्या. "तिथे नको हो! साहेबांची नाजूक ठेव आहे ती. मी पोरासोरांना हात लावू देत नाही." दरबाराची काहीतरी आठवण असणार. ज्याच्या त्याच्या घरी असं एकेक जपून ठेवलेलं असतं.

गुरुवार, २३ ऑगस्ट

वनू ऐकेना. मला घेऊन खिडकीवर गेली. खिडकीतला कारकून तिशीचा, चष्म्याला दोरा बांधलेला. रजिस्टरची पानं बोट ओलं करून उलटली. दोनदा उलटली.

"माताजी, इस नाम का कोई काग़ज़ आवक में नहीं है."

'माताजी'! बाईसाहेब म्हणायला जीभ झिजते. मी म्हटलं, नीट बघा. तो म्हणाला, "देख लिया. आया ही नहीं." आणि वर सल्ला दिला की दुसरा अर्ज भरा, प्राचार्यांची शिफारस नव्याने घ्या, आज द्या, आजच नंबर देतो.

किती सरळ चेहऱ्याने खोटं बोलतात ही माणसं! स्वतः कागद हरवायचा आणि वर म्हणायचं आलाच नाही.

बाहेर येऊन वनू म्हणाली, "चल, दुसरा लिहू."

मी नाही म्हटलं. मानसिंगरावांना कळलं तर काय वाटेल? त्यांच्या हातून अर्ज गेलेला असताना आपण मागून दुसरा घुसवायचा, म्हणजे त्यांचा अपमान. पण हे वनूला सांगता येईना. एवढंच म्हटलं, "दोन अर्ज झाले तर दोन्ही फेटाळतात."

"असं कुठे लिहिलंय?"

"मी तुझ्याआधी जन्मले आहे."

ती वळली. घरापर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत होती.

सोमवार, १० सप्टेंबर

परवा गणपती बसले. आणि ही बातमी. प्राचार्यांची बदली झाली. नव्या प्राचार्यांनी वनूला सांगितलं की आधीच्यांनी शिफारस दिली आहे म्हणता, तर ती शोधून आणा; मी तुम्हाला ओळखत नाही, दुसरी देणार नाही.

म्हणजे तो एकच कागद. आणि तो त्या कारकुनांच्या घशात.

वनू रडली नाही. मैदानापलीकडच्या तासाला गेली, आली, जेवली, काकांच्या कारखान्याची जुनी चित्रं काढून बसली. मला वाटतं रडली असती तर बरं झालं असतं. मी निदान जवळ घेतलं असतं.

मंगळवार, २ ऑक्टोबर

वर्तमानपत्रात रोज तेच. एक नोव्हेंबरला मध्यभारत संपणार, नवं राज्य, राजधानी भोपाळ. आधी ग्वाल्हेर संस्थान गेलं, तेव्हा आम्हाला सांगितलं की आता मध्यभारत. आठ वर्षांत त्याची सवय होत होती, तर तेही चाललं. सराफ्यात लोक पैजा लावतात की कोणती कचेरी जाणार आणि कोणती राहणार. भाजीवाली मला विचारते, "बाई, अब अपन कहाँ के हुए?" मी काय सांगू?

इंदूरची कचेरी या हिवाळ्यात इथे येणार नाही, थेट भोपाळला जाणार म्हणे. वनूची फाइल कुठल्या खोक्यात बसून कुठल्या गाडीने चालली असेल? रोज मनात त्या कारकुनाला नाही नाही ते बोलते. मला असे शब्द येतात हे आतापर्यंत ठाऊक नव्हतं.

आज रीत मोडून मानसिंगरावांना विचारलंच. म्हणजे इतकंच, की पोरीचं काम होईल ना? त्यांनी डोळे मिटून मान हलवली. "दसरा येऊ द्या, इंदुताई."

केवढा धीर आला! संचालकांनी दसऱ्यापर्यंत सही करून पाठवतो म्हटलं असणार.

रविवार, १४ ऑक्टोबर, विजयादशमी

लिहिलं पाहिजे. हात चालत नाही.

वनूला घेऊन मानसिंगरावांकडे सोनं द्यायला गेले. आपट्याची पानं दिली, पाया पडलो. ते नुकतेच शमीपूजनाहून आले होते. अंगरखा, पगडी, कमरेला शेला. खुर्चीत बसले होते आणि पगडी उतरवायचं विसरले होते.

म्हणाले, "इंदुताई, माफी असावी. संचालक आलेच नाहीत. भोपाळला गेले म्हणे. कोणीच आलं नाही. मी तीन तास तबक धरून उभा होतो."

मला काही कळेना. कसलं तबक?

विजयाबाईंनी ते पुढे आणलं. मखमली रुमाल बाजूला केला. नारळ, अक्षता, हळदकुंकू, आणि खाली वनूचा अर्ज. घडीसुद्धा माझ्या हातची.

विजयाबाई म्हणाल्या, "तीन महिने मी यावर धूळ बसू दिली नाही हो."

मानसिंगराव समजावून सांगत होते की अर्ज असा एरवी कुणी देत नाही, दसऱ्याला समक्ष सादर झाला की नाकारता येत नाही, थोरल्या महाराजांच्या वेळेपासून कधी नाकारला गेला नाही. मी मान डोलवत होते. ज्या रीतीवर मी विसंबले तीच रीत त्यांनी पाळली. फक्त मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

वनूने अर्ज उचलला. प्राचार्यांच्या सहीवर कुंकवाचा डाग होता. तिने वरची तारीख वाचली, घडी घातली, मानसिंगरावांना वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेली.

सोमवार, १५ ऑक्टोबर

"मावशी, तू खिडकीवर दिला म्हणालीस."

"दिला म्हणाले. खिडकीवर म्हणाले नाही."

"वा! ही तर वकिली झाली."

मी तिच्या आवडीची पुरणपोळी केली. तिने अर्धी खाल्ली आणि "छान झालीय" म्हणाली. परक्या घरी म्हणतात तसं.

तो कारकून खरं बोलत होता. हे पुन्हा पुन्हा मनात येतं. ऑगस्टमध्ये त्याने दुसरा अर्ज मागितला तेव्हा जुने प्राचार्य इथेच होते. अर्ध्या दिवसाचं काम होतं.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

दोघी कचेरीत गेलो. दाराला पाटी: 'कार्यालय स्थानांतर. आवक बंद. शेष कार्य ता. २९ से ३१.' वनूने पाटी वाचली आणि म्हणाली, "बाबांना कळवते, मी दिवाळीला येते." घरी येऊन तिने ट्रंक पलंगाखालून पुढे ओढली.

मी अर्ज मागितला. तिने तो टेबलावर ठेवला. माझ्या हातात दिला नाही.

सोमवार, २९ ऑक्टोबर

सात वाजता गेले. माझ्यापुढे साठ माणसं. सगळ्यांचीच शेवटची कामं. चार वाजता खिडकी बंद झाली तेव्हा पुढे बावीस उरली होती.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

सहाला गेले. अकराव्या नंबरवर होते, तर एक आडदांड माणूस मध्ये शिरला. त्याच्यामागून आणखी चौघे. ओरडाआरडा, शिपायाने खिडकीच बंद करून टाकली. घरी येऊन पाय गरम पाण्यात घातले आणि रागाने रडले. कुणावर राग, ते विचारू नये.

बुधवार, ३१ ऑक्टोबर

पाचला, उजाडायच्या आधी गेले. पहिल्या दहात होते. तो कालचा आडदांड पुन्हा आला. मी त्याच्या दंडाला धरून म्हटलं, "लाइन पीछे है, भैया." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मग आठवलं, तो आवाज मदर बर्नडेटचा होता. कॉन्व्हेंटमध्ये सरदाराची मुलगी असो की स्वयंपाक्याची, सगळ्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करायच्या. मला रांगेत उभं राहायला कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. लग्न होऊन इथे आले, शिपाई खुर्ची पुसायला लागला आणि मी ते विसरले.

तो माणूस मागे गेला.

साडेदहाला खिडकी उघडली. आत खोल्या रिकाम्या, लाकडी खोक्यांवर खिळे ठोकणं चाललेलं. तोच कारकून, चष्म्याला तोच दोरा.

"आवक तो बंद है, माताजी. सिर्फ़ पुराना काम."

"हा जुनाच आहे. तारीख बघा. नऊ जुलै." मराठीतच बोलले मी. त्याला समजलं.

त्याने अर्ज उलगडला. चार अक्षता रजिस्टरवर पडल्या. "इस पर पूजा हुई है क्या?"

"हो. तीन महिने."

तो हसला नाही. उलट थोडा वेळ कुंकवाच्या डागाकडे पाहत राहिला. मी म्हटलं, "ऑगस्टमध्ये तुम्ही खरं सांगत होतात. मी मनातून तुम्हाला खूप शिव्या दिल्या. माफ करा."

"रोज़ मिलती हैं," तो म्हणाला. "आपने मन में दी, मेहरबानी."

मग त्याने एका खोक्यात ठेवलेला शिक्का परत बाहेर काढला, शाईच्या गादीवर दोनदा दाबला आणि अर्जावर मारला. रजिस्टरात ओळ लिहिली. पोहोचेचा कागद फाडून दिला. आवक क्रमांक ४११८, तारीख ३१-१०-५६. वर मध्यभारत शासन.

"सही तो अब भोपाल में ही होगी. कब होगी, भगवान जाने. मगर काग़ज़ आज की तारीख़ में दाख़िल है. प्रिंसिपल साहब को यह दिखा दीजिए."

मी तो कागद हातात धरून कॉलेजपर्यंत चालत गेले. टांगा केला नाही, वाऱ्याने उडेल अशी भीती वाटली. नव्या प्राचार्यांनी तो उलटसुलट पाहिला. म्हणाले, "जिस सरकार की मोहर है, वह तो कल रहेगी नहीं." मी म्हटलं, "आज आहे." त्यांनी घड्याळ पाहिलं. मग हजेरीपट मागवला आणि कॉमर्सच्या यादीत वनूच्या नावापुढे लिहिलं: उत्तर येईपर्यंत बसू द्यावे.

गुरुवार, १ नोव्हेंबर

बाड्याच्या चौकात नव्या राज्यासाठी झेंडे, बँड, भाषणाचा कर्णा. आम्ही गेलो नाही.

कृष्णरावांना पत्र लिहिलं. सगळं खरं लिहिलं. अर्ज उशिरा गेला तो वनूच्या चुकीने नव्हे, माझ्या. संमती अजून मिळालेली नाही आणि कदाचित मिळणारही नाही. पण तिचं नाव दोन्ही याद्यांत आहे. 'उत्तर येईपर्यंत तिला राहू द्यावे, अशी विनंती आहे. मी एकटी आहे म्हणून नव्हे,' असं लिहिलं, मग ते खोडलं आणि लिहिलं, 'मी एकटी आहे हे खरेच आहे, पण कारण ते नव्हे.'

वनू माझ्यामागे उभी राहून वाचत होती. कधी आली कळलं नाही. तिच्या हातात ट्रंकेतली पुस्तकं होती. ती तिने एकेक करून परत फळीवर लावली. शेवटचं लावून झाल्यावर माझ्यासमोर हात पुढे केला.

"दे इकडे पत्र."

"मी टाकते ना, कोपऱ्यावर तर पेटी आहे."

"नको. तुझ्या हातात कागद द्यायचा नाही, मी शपथ घेतलीय." पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. "पोस्टात जाऊन रजिस्टर करते. और रसीद लाऊँगी."

चपला घालताना वळून म्हणाली, "तू पण चल. रांग असेल."

पदर खोचला आणि निघाले.